दाजींची मातीची फौज

हिंदुस्थानात आजवर जेवढे सेनापती होऊन गेले, त्यांत सगळ्यांत जास्त लढाया हरलेला सेनापती कोण, असं मला कुणी विचारलं, तर मी क्षणाचाही विचार न करता आमच्या दाजींकडे बोट दाखवीन. माझ्या डोळ्यांदेखत ते शंभरावर लढाया हरले असतील. उपाशीपोटी हरले, भरल्या पोटी हरले, नवस बोलून हरले आणि नवस न बोलताही हरले. एकदा तर समोरचा गडी तंबाखू थुंकायला बाहेर गेला होता, तेवढ्या वेळात एकटेच बसून हरले. आणि एवढं होऊनही दर लढाईच्या सुरुवातीला त्यांच्या चेहऱ्यावर असं काही तेज यायचं की, दिल्ली आता दोनच विती राहिली आहे असं पाहणाऱ्याला वाटावं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. राहायला जवळा बाजारला. तेव्हा आपला मुलूख निजामाकडे होता, शाळेत गणितसुद्धा उर्दूतून शिकावं लागे आणि त्या गणितानं मला दोनदा चारी मुंड्या चीत केलं होतं. दुसऱ्यांदा नापास झालो तेव्हा वडिलांनी मला आखाडा बाळापुराहून उचललं आणि अक्काकडे धाडून दिलं. तिथल्या कापसाच्या जिनात गासड्यांवर, म्हणजे दाबून बांधलेल्या गाठींवर, शाईनं नंबर टाकायचं काम मिळालं होतं. वय वीस, तोंड उतरलेलं, कुणी परीक्षेचं विचारील म्हणून जीव मुठीत धरून मी अक्काच्या अंगणात पाऊल टाकलं. दाजी ओसरीवर उकिडवे बसून कसला तरी चिखल मळत होते. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "पाव्हणं, लढाईला तोफ आधी काढावं का घोडं?"

मी गांगरून म्हणालो, "घोडं."

"साफ चुकलं!" दाजी इतक्या आनंदानं ओरडले की मी पास झालो असतो तरी घरात कुणी एवढं खूष झालं नसतं. "या, आत या. सांगतो." परीक्षेचं त्यांनी त्या दिवशी विचारलं नाही आणि पुढेही कधी विचारलं नाही. माणूस मला तिथंच आवडून गेला.

आत म्हणजे माळवदाच्या घरातली सगळ्यांत कोरडी, सगळ्यांत चांगली खोली. तिला दार नव्हतं, कारण दार काढून चार विटांवर आडवं घातलेलं होतं आणि त्याच्यावर मुलूख वसलेला होता. सरकीच्या पोत्यांची तोंडं बांधून, वर गोणपाट टाकून केलेले डोंगर, कपड्याच्या निळीनं रंगवलेली नदी, बाभळीच्या डहाळ्यांचं जंगल, आणि त्या मुलखात समोरासमोर उभ्या दोन फौजा. बोटाएवढे शिपाई, काळ्या मातीचे, उन्हात वाळवलेले. एक फौज गेरूनं लाल केलेली, ती दाजींची. दुसरी निळी. भाल्यांना ज्वारीच्या कडब्याची चिपाडं, तलवारींना बाभळीचे काटे, तोफांना बोरूची नळकांडी. तोफा ओढायला मात्र कुंभाराकडून पोळ्याला येतात तसले मातीचे बैल होते आणि ते शिपायांच्या मानानं हत्तीएवढे दिसत. मी तसं म्हणून पाहिलं. दाजी म्हणाले, "बैल मोठाच पाह्यजे. लहान बैल घिऊन काय करायचं?"

ह्या वेडाचं मूळ त्यांच्या आजोबांत होतं. हिंगोलीला पूर्वी मोठी छावणी होती, तिथं आजोबा घोड्यांना चंदी घालायचे, आणि छावणी उठल्यावर उरलेलं सगळं आयुष्य त्यांनी नातवाला लढाया सांगण्यात घालवलं. घोड्यांच्या बाजूनं सांगितलेल्या लढाया त्या. त्यांत कोण जिंकलं हे क्वचितच कळे, पण कुणाला किती हरभरे लागले हे पक्कं कळे. नातवानं पुढं मातीची फौज उभारली ती त्या गोष्टींवर. लढाईची रीत त्यांची त्यांनीच बसवलेली होती. शिपायानं एका वेळी चार बोटं चालायचं, घोड्यानं एक वीत, तोफेनंही वीतभर, पण बैल जुंपले असतील तरच. मारा करायचा तर सात कवड्या टाकायच्या, जितक्या उताण्या पडतील तितके समोरचे गारद. आणि ज्यानं दुसऱ्याचं निशाण उचललं त्यानं लढाई जिंकली. हे सगळं एका लाल बासनातल्या वहीत लिहिलेलं असे आणि तिला ते 'कायदा' म्हणत. प्रत्येक पराभवानंतर कायद्यात एक कलम वाढे. सगळ्यांत मोठं कलम होतं, 'बाहेर जे, तेच आत.' म्हणजे बाहेर पाऊस लागला की दारावरच्या मुलखातही पाऊस, दारू भिजली, तोफा बंद. ऊन कडक पडलं की आतले शिपाईही तीनच बोटं चालणार. एकदा भर लढाईत शेजारची शेळी आत आली, कारण दार नव्हतंच, आणि दाजींचे अठरा शिपाई ज्या जंगलात दबा धरून बसले होते ते जंगल तिनं मिटक्या मारीत खाऊन टाकलं. दाजींनी हताशपणे कायदा उघडला. बाहेर जे, तेच आत. जंगल गेलं ते गेलंच. उघड्यावर पडलेल्या त्या अठरा जणांची काय गत झाली ते सांगवत नाही.

दाजी हरत ते बुद्धी कमी म्हणून नव्हे. माया फार म्हणून. त्यांच्या प्रत्येक शिपायाला नाव होतं. पडलेला शिपाई ते दोन बोटांत अलगद उचलून भिंतीतल्या कोनाड्यात निजवत. तो कोनाडा म्हणजे दवाखाना. आणि दवाखान्यातल्या माणसाला पुढचे दोन बाजार, म्हणजे दोन आठवडे, लढाईला काढायचं नाही, तकलीफ होते, असा त्यांचा नेम. समोरच्याला हा नेम लागू नव्हता. त्यामुळे दर लढाईला निळी फौज भरगच्च आणि लाल फौज आजारी रजेवर, असा प्रकार असे. आणि त्यामुळे फळीत पडणाऱ्या खिंडारांची त्यांना धास्ती इतकी की मागं एकदा लग्नाच्या पंगतीत ते उठून उभे राहिले आणि वाढप्याला म्हणाले, "ह्या बाजूला माणसं कमी पडून राहिली. इकडून कुणी शिरलं तर?" वाढप्या बिचारा भाताचं घमेलं घेऊन तसाच उभा.

निळ्या फौजेचा सेनापती होता लिंबाजी. शिरड शहापुराकडचा मेंढपाळ, दर बाजाराला घोंगड्या विकायला यायचा, आणि घोंगड्या खपल्या की आमच्याकडे. लिहिणं वाचणं काही नाही. बोलणं त्याहून कमी. दारासमोर बसून तो अर्धा अर्धा तास नुसता पाहत राही, मग एक शिपाई चार बोटं सरकवी, आणि त्या चार बोटांत दाजींचा कारभार आटोपे. मी एकदा त्याला विचारलं, "लिंबाजी, एवढं कसं जमतं तुला?" तो म्हणाला, "मालक लढाई पाहून राहिले. मी वाट पाहतो. मेंढरू जिकडून जाईल, तिकडून फौज जाती." मी विचार करत राहिलो आणि तेवढ्यात त्यानं निशाण उचललं.

मला फौज मिळाली ती आल्यानंतर आठव्या दिवशी. दाजींनी मळलेल्या मातीचा गोळा पुढ्यात टाकला आणि म्हणाले, "पाव्हणं, दुसऱ्याची फौज उसनी आणून लढता येत न्हाई. आपली करा." माझा पहिला शिपाई मुळ्यासारखा झाला. दुसरा झाला तो बसलेला होता की उभा, हे मलाही सांगता येईना. पण तिसऱ्याला मान आली, चौथ्याला खांदे आले, आणि हळदीनं रंगवलेले माझे सतरा शिपाई उन्हात वाळत पडलेले पाहिले तेव्हा मला जे वाटलं ते त्यानंतर पोटच्या लेकरांना पाहूनच वाटलं. नापास झाल्यापासून माझ्या हातून धड झालेली ती पहिली गोष्ट होती. त्यानंतर मला जमीनच निराळी दिसायला लागली. जिनाकडे जाताना रोजचा ओढा लागे, तो आता नुसता ओढा राहिला नाही. तिथं घोडी लपवता आली असती. म्हसोबाच्या टेकाडावर तोफ ठेवली तर सगळा रस्ता माऱ्यात येत होता. मी थांबून पाहत बसे आणि जिनात उशिरा पोचे. सतरा शिपाई घेऊन मी दाजींशी पहिली लढाई लढलो आणि ती सपाटून हरलो. दाजी जिंकले खरे, पण अक्का उंबऱ्यात बसून डाळ निवडत होती, ती म्हणाली, "माझ्या भावाला हरवलं ते धरायचं न्हाई. लिंबाजीला हरवा." दाजींनी मुकाट्यानं मान डोलावली.

अक्काचा ह्या खेळावर राग होता, निदान आम्ही तसं समजत होतो. ती सदा उंबऱ्यात बसून काही तरी निवडत, पाखडत असायची आणि मधूनच टोमणा मारायची. तिचं म्हणणंही खोटं नव्हतं. शेत बटाईनं दिलेलं, वाट्याची ज्वारी ओसरीवरच्या कणगीत, पावसाळ्यात कणगीला ओल लागे आणि दाण्यात कीड पडे. कोरडी खोली घरात एकच, आणि तीत दाजींचा मुलूख. त्या वर्षी पाऊस जोरात झाला, खालची पायलीभर ज्वारी बुरसून गेली, आणि अक्कानं सुपातले काळे दाणे आणून सरळ निळ्या नदीच्या काठी ओतले. "आवं, ऐकून राहिले का? पोळ्याच्या दिवशी दिवे लागायच्या आत लिंबाजीला एकदा तरी हरवा. न्हाई जमलं, तर दुसऱ्या दिवशी हे दार चौकटीला बसल आन् खोलीत माझी कणगी येईल. फौज मग कोनाड्यात ठिवा न्हाईतर डोक्यावर घ्या."

दाजी पांढरेफटक पडले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नदीकडे पाहिलं. सुपातले दाणे बुरसलेले होते. दाजी म्हणाले, "बराबर हाय तुमचं."

पोळ्याला तीन बाजार होते. पहिले दोन दाजी नेहमीसारखे हरले. पावसाळ्यात जिन बंद, त्यामुळे मी दिवसभर त्यांच्याबरोबर बसून डावपेच करी. माझे सतरा शिपाई मी त्यांच्या हवाली केले. दवाखान्याचा नेम तेवढा सोडा, असं मी परोपरीनं विनवलं, पण ते ऐकेनात. "दुखणाईत माणूस लढाईला? लोक काय म्हणतील?" कोनाड्यातल्या मातीच्या लोकांखेरीज म्हणणारं कुणी नव्हतं. तिसरी लढाई पोळ्याच्या दिवशी ठरली. लिंबाजीला अक्कानं पुरणपोळीचं आवतन दिलं होतं. मेंढरांचा काही पोळा नसतो, तेव्हा तो मोकळाच होता.

आता इथं एक सांगायला हवं. दाजींच्या गोठ्यात तेव्हा बैल नव्हते. तीन वर्षांपूर्वी जोडीतला एक फऱ्या रोगानं गेला. दुसरा एकटा उभा राहून रात्रंदिवस हंबरायचा. दाजींना ते पाहवेना, म्हणून तो त्यांनी एका चांगल्या घरी देऊन टाकला आणि शेत बटाईला लावलं. गावात सगळ्यांच्या दारात बैल सजतात आणि आपली दावण रिकामी, ह्याचं अक्काला फार लागे. बैल नसलेल्या घरात मातीचे बैल पुजतात. त्या वर्षी कुंभार बैल घेऊन दारात आला तेव्हा अक्का म्हणाली, "घरात आठ बैल असताना आणखी काहून विकत घ्यायचे?" आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी तिनं तोफांचे आठही बैल दारावरून उचलून नेले. खांदेमळणीला त्यांच्या मानेला लोणी हळद लावली, रीतीप्रमाणं दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतन दिलं. पोळ्याला ओवाळलं, पुरणपोळीचा घास दाखवला, शिंगांना बेगड लावला, आणि जिथून उचलले होते तिथं नेमके परत आणून ठेवले.

जेवणं झाली आणि लढाई सुरू झाली. त्या दिवशी दाजी काही निराळेच होते. सातही घोडेस्वार त्यांनी सुरुवातीलाच डावीकडच्या नाल्यात उतरवून ठेवले, मधली फळी गच्च धरली, आणि उन्हं कलायला लागली तरी त्यांची माणसं उभी होती. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. लिंबाजीनं तोंडात धरलेली तंबाखू तशीच राहिली. त्याची सगळी फौज सरकीच्या डोंगराखाली दाटीनं अडकली होती. लाल तोफा तिथून एक वीत मागं होत्या. तोफा एक वीत पुढं गेल्या आणि कवड्या बऱ्या पडल्या की निळं निशाण उघडं.  बाहेर अजून ऊन होतं, दिवे लागायला अवकाश होता.

दाजींनी तोफेकडे हात नेला. बैलाच्या मानेवर जू ठेवायला त्यांनी चिपाड उचललं आणि त्यांचा हात थांबला. मानेला हळद होती. शिंगांना बेगड होता.

"पाव्हणं," ते हळूच म्हणाले, "आज पोळा हाय."

"मग?"

"पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठिवत न्हाईत."

मी म्हणालो, "दाजी, मातीचे आहेत ते!" लिंबाजीसुद्धा बोलला, आणि तो आपण होऊन बोलला ही केवढी तरी गोष्ट. "मालक, जुंपा. मी काही म्हणणार न्हाई." दाजींनी वहीकडे बोट केलं. बाहेर जे, तेच आत. मग त्यांनी चिपाड खाली ठेवलं आणि म्हणाले, "आता ह्या घरात एवढेच बैल हायेत, लिंबाजी. वर्साचा एक दिवस त्यांचा."  गेलेला डाव आणि गेलेली खोली असं दोन्ही त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं, पण हात पुन्हा बैलांकडे गेला नाही. मला रडू यायला लागलं आणि वीस वर्षांच्या माणसानं मातीच्या बैलांसाठी रडू नये म्हणून मी नदीतली धूळ पुसायला लागलो.

अक्का उंबऱ्यातून उठली. ती आत आली, तिनं लाल बासनातली वही उचलली आणि माझ्या हातात दिली. "बापू, लिही. सणाचा दिवस लढाईत मोजायचा न्हाई." मी लिहिलं. "उद्या पोळ्याची कर हाय, उद्या बी बैल बसून. परवा मोकळे. दारावरचं कुणी काही हलवायचं न्हाई. लिंबाजी, परवा जेवायला इकडंच ये." एवढं बोलून ती दिवा लावायला निघून गेली. 

तिसऱ्या दिवशी दाजींनी आठही बैल जुंपले, तोफा वीतभर पुढं नेल्या आणि कवड्या टाकल्या. सातातल्या सहा उताण्या पडल्या. लिंबाजीनं स्वतःच्या हातानं निशाण काढून दाजींच्या पुढं ठेवलं. "मालक, बराबर जिंकले." दाजींनी ते निशाण बोटांत फिरवून पाहिलं. मग त्याला परत देत म्हणाले, "ठेव. पुढल्या बाजाराला लागंल." पुढल्या बाजाराला ते हरले आणि त्यानंतर आयुष्यभर हरत राहिले. लिंबाजीविरुद्ध ती एकच लढाई त्यांनी जिंकली. कणगी मी आणि लिंबाजीनं उचलून माजघरात नेली, तिच्याखाली विटा घातल्या, आणि अक्कानं पुन्हा खोलीचं नाव काढलं नाही.

पुढं सात-आठ वर्षांनी दाजी गेले. लिंबाजीही मेंढरं घेऊन तिकडं पैनगंगेपलीकडं गेला तो बाजाराला यायचा थांबला. मी बाळापुरात संसाराला लागलो होतो. दिवस पालटले, निजामाचं राज्य जाण्याच्या वाटेवर होतं, आणि त्या वर्षीच्या पोळ्याच्या आधी मी अक्काकडे गेलो. मनात होतं की आता दार काढून चौकटीला बसवून द्यावं, एकट्या बाईच्या खोलीला दार हवं. खोलीत गेलो तर मुलूख होता तसाच. धूळ नाही. फौजा उभ्या होत्या, आणि कुठं उभ्या होत्या हे ओळखायला मला वेळ लागला नाही. तो पोळ्याच्या दिवशीचा डाव होता. बैल अजून जुंपायचे होते.

अक्का माझ्या मागून आली आणि दारापुढं बसली. तिनं डावीकडच्या नाल्यातले सात घोडेस्वार एकेक वीत सरकवत डोंगराच्या मागं नेले. मधे कुणीच नव्हतं. तीन खेळ्यांत निळं निशाण तिच्या हातात आलं, एकही तोफ न हलवता. लिंबाजीनं सगळी फौज तोफांपुढं आणून ठेवली होती आणि मागचं दार सताड उघडं होतं. इतक्या वर्षांत हे मला दिसलं नव्हतं, दाजींनाही दिसलं नव्हतं.

"तुला त्या दिवशी दिसलं होतं?" मी विचारलं.

"व्हय. उंबऱ्यातून समदं दिसतं."

"मग बोलली काहून न्हाईस? दिवे लागायच्या आत जिंकले असते ते."

"मी सांगितल्यावर जिंकलं कोण असतं? मी." ती हसली. "मला कुठं जिंकायचं होतं, बापू?"

तिनं निशाण जागेवर लावलं. मग सगळे शिपाई उचलून बाजूला घेतले, निळी फौज माझ्याकडे सरकवली आणि लाल आपल्याकडे ओढली. "बस," ती म्हणाली, "तुझी तू मांड. एकटीनं दोन्ही बाजू मांडून कटाळा आला आता."

मी चौकटीचं काम दुसऱ्या दिवसावर टाकलं आणि खाली बसून फौज मांडायला लागलो.